गाडी एक, कोटेशने तीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या मुहूर्तांवर गाडी घेण्याची आपल्याकडे रीत असल्यामुळे आमच्या चिपळूण परिसरातील बऱ्याच गाड्यांचा विमा मार्च ते मे या काळात नूतनीकरणाला येतो, आणि विम्याच्या कोटेशनला काही हिशेबच नसतो, ही तक्रार दरवर्षी याच दिवसांत ऐकू येते. माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. म्हणून या वर्षी मी माझ्या सहा वर्षे जुन्या, ११९७ सीसीच्या गाडीसाठी आलेली तीन कोटेशने शेजारी शेजारी मांडून आकडा न् आकडा सोडवला. पहिले ७,०४६ रुपयांचे, दुसरे १०,०४१ रुपयांचे आणि तिसरे १२,५१९ रुपयांचे होते. गाडी तीच, मालक तोच आणि पाच वर्षांत एकही क्लेम नाही. तरीही स्वस्त आणि महाग कोटेशनांत जवळजवळ साडेपाच हजारांचा फरक होता.

कोटेशन हा एकच आकडा दिसत असला तरी त्यात दोन वेगळे विमे असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई देणारा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा तो आकार आहे. गाडीचे वय वाढले म्हणून यात एक रुपयाही कमी होत नाही, कारण जुन्या गाडीच्या धडकेने होणारी इजा नव्या गाडीच्या धडकेपेक्षा कमी नसते. ‘गाडीची किंमत निम्मी झाली, मग हप्ता निम्मा का नाही?’ या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे मिळते. माझ्या सर्वांत स्वस्त कोटेशनात जीएसटी धरण्यापूर्वीच्या रकमेचा निम्म्याहून अधिक भाग या थर्ड पार्टीचाच होता. मात्र या तक्त्यातील एक गोष्ट मला खरोखरच असमर्थनीय वाटते. ९९८ सीसीचे टर्बो इंजिन असलेली दणकट गाडी २,०९४ रुपयांत बसते आणि तिच्याहून कमी ताकदीची ११९७ सीसीची लहान गाडी ३,४१६ रुपये भरते. इंजिनाचा आकार म्हणजेच त्याची ताकद, हे समीकरण आता जुने झाले आहे आणि दर ठरवणाऱ्यांनी त्याचा पुनर्विचार करायला हवा.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले, म्हणजे ते ठरवणे कंपन्यांवर सोपवले गेले, तरी त्याआधीच्या सक्तीच्या तक्त्यातील दर आधाराला धरून त्यावर सूट देण्याची पद्धत अजून चालते. त्या तक्त्यात देशाचे दोनच विभाग आहेत. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही शहरे येतात, तर ‘ब’ विभागात उरलेला सारा देश. दरवर्षी पुराची धास्ती घेणारे चिपळूण आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेले एखादे गाव त्यात एकाच रांगेत बसतात. शिवाय विभाग ठरतो तो नोंदणी कुठे झाली यावर, गाडी कुठे उभी राहते यावर नाही. मुंबईतल्या मुलाच्या पत्त्यावर नोंदलेली आणि गावच्या अंगणात वर्षभर उभी असलेली गाडी म्हणूनच मुंबईची ठरते. या विभागांतला फरक मात्र किरकोळ आहे. पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ‘अ’ विभागात ३.२८३ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के दर पडतो, म्हणजे पाच लाखांच्या गाडीमागे ४६० रुपये. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी निवृत्त माणसाची गाडी आणि रोज महामार्गावर धावणारी गाडी यांत तर तो तक्ता काहीच भेद करत नाही. चालवाल तितका हप्ता अशा जोड संरक्षणाला विमा नियामकाने २०२२ मध्ये परवानगी दिली, पण आमच्याकडच्या एजंटांच्या तोंडून त्याचे नाव मी अजून ऐकलेले नाही.

मग माझ्या कोटेशनांतला खरा फरक कुठे होता? तो होता आयडीव्हीमध्ये, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जी रक्कम हाती येते तिच्यात. पाच वर्षांपर्यंत या रकमेचा घसारा ठरलेला असतो. त्यानंतर ती कंपनी आणि ग्राहक यांनी आपसांत ठरवायची असते. प्रत्यक्षात ती ग्राहकाला कोणी विचारत नाही. ७,०४६ रुपयांच्या कोटेशनात माझी गाडी ३ लाख ५ हजारांची धरली होती, तर १०,०४१ रुपयांच्या कोटेशनात ३ लाख ८० हजारांची. पहिल्या कंपनीने सूटही जास्त दिली होती, हे खरे. पण गाडी हातची गेली असती तर तीन हजारांच्या बचतीपोटी मला ७५ हजार रुपये कमी मिळाले असते, आणि हे त्या कागदावर दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होते.

तिसरे कोटेशन महाग होते ते प्रामुख्याने इंजिन संरक्षणामुळे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या शेजाऱ्यांची गाडी दिवसभर पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी घाईने स्टार्टर मारला आणि इंजिन जाम झाले. सीट, वायरिंग आणि दरवाजे यांची भरपाई विमा कंपनीने दिली, पण इंजिनाची नाकारली. पूर हे पॉलिसीत मान्य असलेले संकट आहे, पण पाणी भरलेले इंजिन चालू केल्याने झालेली हानी ही नंतरची मानली जाते आणि इंजिन संरक्षण घेतलेले नसेल तर ती मिळत नाही. हप्ता भरताना हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्यांच्या गाड्यांवर माड पडले आणि ज्यांनी गाडी जुनी झाली म्हणून फक्त थर्ड पार्टी ठेवले होते, त्यांच्या हातीही काही पडले नाही. खाऱ्या वाऱ्याने गंजलेला पत्रा तर कोणत्याच पॉलिसीत बसत नाही, कारण तो झिजेचा भाग समजला जातो.

नो क्लेम बोनसचाही हिशेब असाच समजून घ्यावा लागतो. पाच वर्षे क्लेम नसेल तर ५० टक्के सूट मिळते, पण ती फक्त ओन डॅमेजवर, थर्ड पार्टीवर नाही. समजा, जांभ्याच्या गडग्याला घासून बंपर फुटला आणि खर्च ८ हजार आला. प्लॅस्टिकच्या भागावर निम्मा घसारा आणि मालकाने स्वतः सोसायची १ हजाराची सक्तीची वजावट गेली की हाती ३ हजार येतात, आणि पुढच्या वर्षी सुमारे ५ हजारांचा बोनस जातो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असल्यामुळे मुंबईहून जुनी गाडी विकत आणणाऱ्याला आधीच्या मालकापेक्षा कितीतरी मोठा हप्ता सांगितला जातो आणि आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते. पॉलिसीची मुदत संपून नूतनीकरणाविना ९० दिवस उलटले तरी हा बोनस बुडतो.

हप्त्यामागे हिशेब आहे आणि थोडे बसून तो समजतो, असे माझे मत या खटाटोपातून झाले. पण तो ग्राहकासमोर मांडला जात नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील एजंटांना आणि विमा विकणाऱ्या बँकांना माझी विनंती आहे की त्यांनी प्रत्येक कोटेशनासोबत मराठीत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर थर्ड पार्टीची रक्कम, ओन डॅमेजची रक्कम, आयडीव्ही, बोनसची टक्केवारी आणि इंजिनात पाणी गेल्यास भरपाई मिळेल की नाही, एवढ्याच पाच ओळी असाव्यात. या वर्षी निदान पावसाला सुरुवात होण्यापूर्वी हे झाले, तर आमच्या बाजारपेठेतल्या सखल भागात गाड्या लावणाऱ्यांना शेवटची ओळ वाचून निर्णय घेता येईल.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, चिपळूण