जुन्या टू-टू रायफली गंजवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोल्हापूरच्या नेमबाजांवर अर्धं पान आलं, वाचून बरं वाटलं. पण त्यात स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला ‘एअर रायफल’मध्ये पदक घेतलं असं छापलंय आणि फोटोखाली ‘बंदुकीसह स्वप्नील’. आता आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल की तो ५० मीटर थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर, लेटून आणि उभ्यानं मारणारा नेमबाज आहे. एअर रायफल म्हणजे हवेवर चालणारी, १० मीटरवरून छर्रा मारायची. स्वप्नीलच्या हातातली पॉइंट २२ (गोळीची जाडी साधारण ०.२२ इंच, म्हणून टू-टू), दारूच्या काडतुसाची, आणि टार्गेट ५० मीटरवर. आणि बंदूक म्हणजे आपल्याकडं बारा बोअर, जिच्या नळीला आत आटे नसतात ती. चूक काय फार मोठी नाही, पण निमित्त झालं म्हणून बसलोय लिहायला, नाहीतर जुन्या टू-टू रायफलींबद्दलचं हे पत्र गेली चार वर्षं नुसतं डोक्यात होतं.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात एकदा तरी टू-टू चालवलीय, फक्त आता आठवत नाही. कॉलेजला एनसीसीत होता ना? कॅम्पमध्ये तीन-तीन तास उन्हात लाईन लावून शेवटी पाच गोळ्या मिळायच्या, लेटून मारायच्या, उस्ताद मागनं ओरडायचा, श्वास रोक, शिस्त ले, आणि टार्गेटवर पाच भोकं पाच दिशांना. तीच ती पॉइंट टू-टू. माझी पाचातली तीन भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली आणि तिथनंच हा नाद लागला, तो आज वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीपण सुटलेला नाही.

या काडतुसाची गंमत म्हणजे त्याच्या बुडाला मधोमध दारू पेटवणारी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेला जी बारीक कोर असते तिच्या आत गोल फिरवून बसवलेला असतो, आणि पिन येऊन त्या कडेवर आपटते, म्हणून रिमफायर. पुंगळी एकदा उडाली की संपली, परत भरता येत नाही. गोळी साध्या शिशाची, वरून मेणाचा हात, वजन अडीच ग्रॅमच्या जरा वर. आज जगभर जी चालते ती लॉन्ग रायफल काडतुसाची जात १८८७ साली अमेरिकेत निघाली आणि अजून तीच आहे. मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू ठेवतात, कारण आवाजाचा वेग मधेच ओलांडताना गोळी डचमळते. जास्त जोराची गोळी म्हणजे जास्त चांगली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पॅरिसची नेमबाजी खरं तर पॅरिसपासून लांब शातोरूला झाली, तिथं स्वप्नीलनं पात्रता फेरीत गुडघ्यावर, लेटून आणि उभ्यानं वीस-वीस अशा साठ गोळ्यांत ६०० पैकी ५९० केले आणि सातव्या नंबरानं फायनलला गेला, आणि १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ वर ब्राँझ. फायनलमध्ये सुरुवातीला मागं होता, उभ्यानं मारायची पाळी आली तेव्हा वर सरकला. उभं राहून ते जड धूड खांद्यात धरून बटण फोडायचं म्हणजे काय असतं ते आम्हाला विचारा. ५० मीटर रायफलमध्ये भारताला ऑलिम्पिकचं हे पहिलंच पदक. आणि आमची तेजस्विनी सावंत २०१० सालीच म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे लेटून मारायची, वर्ल्ड चॅम्पियन झाली होती, तीपण टू-टूवरच. कोल्हापूरला या काडतुसाचं वेड आहे ते काय उगीच नाही.

पण माझा मुद्दा खेळाडूंचा नाही, जुन्या रायफलींचा आहे.

आमच्या वडिलांकडं, अण्णांकडं, दोन टू-टू होत्या. एक झेकोस्लोव्हाकियातल्या बर्नोच्या कारखान्याची मॉडेल टू, पाच गोळ्यांचं मॅगझिन, बोल्ट (गोळी आत ढकलायचा दांडा) लोण्यासारखा फिरायचा. ही रायफल आपल्या देशात एकेकाळी बऱ्यापैकी आली, ज्यांच्याकडं आहे ते तिला जिवापाड जपतात. अण्णांनी तरुणपणी शिकारही केली असणार, विचारलं की हसून विषय बदलायचे. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते फार बरं झालं, आणि त्यामुळंच खरं तर या रायफली कागदावर गोळ्या मारायच्या कामाला लागल्या. दुसरी बीएसएची मार्टिनी, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची, एकावेळी एकच गोळी. खालचं लिव्हर दाबलं की आतला ठोकळा खाली पडतो, गोळी आत सरकवायची, लिव्हर वर, झालं. बोल्ट मागं-पुढं करायची भानगड नाही त्यामुळं लेटलेला माणूस हलत नाही. आणि चाप दाबल्यापासून पिन आपटेपर्यंतचा वेळ इतका कमी की हात हलायच्या आत गोळी गेलेली असते. नेम धरायला मागं चकतीतलं बारीक भोक, पुढं नळकांड्यातली माशी, अक्रोडाच्या लाकडाचा दोन तुकड्यांचा दस्ता. अण्णा दर दिवाळीला त्या दस्त्याला जवसाचं तेल चोळायचे, नुसत्या तळहातानं, गरम होईस्तोवर. फराळाआधी हे काम. आई म्हणायची, माझ्या पाठीला कधी एवढं तेल लावलं नाही.

इंग्लंडात या रायफली का निघाल्या त्याचीपण एक गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रजांची नेमबाजी कच्ची पडली, मग त्यांचे सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी जोर लावला आणि १९०१ पासून गावोगाव कारकून-कामगारांचे छोट्या रायफलींचे क्लब उभे राहिले. स्वस्त गोळी, आवाज कमी, एखाद्या शेडमध्येपण रेंज होते. जर्मनीत ॲन्शुट्झचं घराणं १८५६ पासून या धंद्यात, दुसऱ्या महायुद्धात सगळं गेलं, रशियाच्या वाट्याच्या भागात कारखाना राहिला, मग १९५० ला उल्मला नव्यानं सुरुवात केली आणि चार वर्षांत मॅच ५४ नावाचं ॲक्शन (गोळी भरायची-उडवायची यंत्रणा) काढलं जे पुढं कित्येक वर्षं ऑलिम्पिकच्या लाईनीवर दिसत राहिलं. अमेरिकेत विंचेस्टरची मॉडेल ५२, जवळजवळ साठ वर्षं बनत होती. परदेशात लोक या रायफली नुसत्या काचेच्या कपाटात ठेवत नाहीत, म्हातारी माणसं जुन्या रायफलींच्या वेगळ्या मॅचेस लावतात, आजोबांची रायफल, नेम धरायची आजोबांच्याच काळची साइट, आणि दुपारी चहा. मला हे वाचून हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. २०१९ ला आर्म्स ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली, एका माणसाला तीनच्या जागी दोनच हत्यारं. जास्तीचं हत्यार वर्षभरात जमा करा किंवा परवानावाल्या दुकानदाराला द्या, १३ डिसेंबर २०२० ची मुदत. नामांकित आणि होतकरू नेमबाजांना सूट दिलीय ती योग्यच आहे, पण मी काय नामांकित नाही, जिल्हा पातळीवर दोनदा चौथा आलो एवढंच. माझ्याकडं तीन, दोन टू-टू आणि एक बारा बोअर. तुम्ही म्हणाल बारा बोअर द्यायची होती. मीपण तेच म्हणत होतो, पण शेतावरचं घर डोंगराकडेला, घरातल्यांनी ऐकलं नाही, बंदूक दारात असली की बरं वाटतं म्हणाले. मग मार्टिनी गेली. दुकानदाराकडं आधी नेली तर तो म्हणाला, काका, एकच गोळी लागते हिला, कोण घेणार, कपाटात जागा अडेल. म्हणून ठाण्यात जमा केली. कोणतं ठाणं ते लिहीत नाही, माणसं चांगली होती, पावती दिली, चहा पाजला.

पण पावती लिहायच्या आधी काय झालं बघा. तिथल्या दादांनी रायफल हातात घेतली, लिव्हर खालीवर केलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि चाप दाबला, खट. मग शेजारच्यानं घेतली, खट. मग आणखी एकानं. मी म्हणतोय अहो नको, तर म्हणाले, काका रिकामी आहे की. रिकामी आहे म्हणूनच नको! रिमफायरची पिन कडेवर आपटते, काडतूस आत असलं तर ती पितळेच्या कोरेवर थांबते, नसलं तर जुन्या रायफलीत बऱ्याचदा सरळ नळीच्या तोंडाच्या पोलादावर बसते. चारदोनदा काय होत नाही, पण असं रोज झालं की तिथं खाच पडते, मग पुंगळी अडकते, गोळी नीट उडत नाही आणि नळी कायमची कामातून जाते. पोलिसांच्या रायफलीला असं रिकामं खटखट केलेलं बऱ्यापैकी चालतं, त्यामुळं त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

दीड वर्षानं कागदाच्या कामासाठी गेलो तेव्हा म्हटलं बघू तरी. मुद्देमालाच्या खोलीत सायकली, दारूचे कॅन, एक पंखा, आणि कोपऱ्यात दहाबारा हत्यारं दोरीनं मोळी बांधावी तशी बांधलेली. आमच्या पावसाळ्यात खोलीच्या भिंतीला ओल. मार्टिनीच्या नळीवर लालसर बुरा चढलेला आणि दस्त्यावर पांढरी बुरशी. मी खिशातला रुमाल काढून पुसायला लागलो तर ते दादा म्हणाले, राहू द्या काका, हात लावता येत नाही आता. बरोबरच आहे त्यांचं. बाहेर येऊन गाडी चालू करायला पाच मिनिटं लागली मला.

बर्नोचीपण तीच कथा होता होता राहिली. निवडणूक आली की आचारसंहितेत हत्यार जमा करायला लागतं, लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, आमच्याकडं निवडणुकांना काय तोटा आहे. एकदा परत आली तेव्हा नळीतून कापडाची चिंधी ओढली तर काळी न येता तांबडी आली. तेव्हापासून जमा करताना मी आतनं-बाहेरनं जाड तेल लावतो, नळीची दोन्ही तोंडं कापडानं बंद करतो, आणि गळ्यात चिठ्ठी बांधतो, ‘कृपया रिकामा चाप ओढू नये’. लोक हसतात. हसू देत.

माझं म्हणणं कायदा चुकीचा आहे असं नाही. हत्यारं कमी असावीत याला माझा विरोध नाही, वाढदिवसाला हवेत गोळीबार करून रील काढणाऱ्यांच्या घरात एकपण असू नये असं माझं मत आहे. पण एका गोळीची, लांबलचक नळीची, गुडघ्याएवढी साइट असलेली टार्गेट रायफल घेऊन आजवर कुठं दरोडा पडलाय? ती कमरेला खोवता येत नाही की चादरीत गुंडाळता येत नाही. ती आणि गावठी कट्टा एकाच मोळीत बांधायचे आणि शेवटी एकत्रच नष्ट करायचे, हे बघवत नाही.

दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. एक तर जमा झालेल्या पॉइंट २२ टार्गेट रायफली नष्ट करायच्या आधी जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त रायफल क्लबला विचारा. नव्या जर्मन रायफलीला कित्येक लाख पडतात, शेतकऱ्याचं पोरगं कुठनं आणणार? एअर रायफलवरनं टू-टूवर जाताना पहिलं वर्ष लेटून ५० मीटर मारायला जुनी मार्टिनी अजूनही दणकून चालेल, आजही चांगल्या लॉटची (एका खेपेत बनलेली) गोळी दिली तर ती पोराच्या आधी चुकणार नाही. गोळी मात्र रायफलीगणिक लॉट बदलून तपासून घ्यावी लागते, एकीला मानवते ती दुसरीला मानवेलच असं नाही, जावयासारखं आहे ते. आणि ज्या अगदीच चालत नाहीत त्यांची पिन काढून म्युझियमला द्या. आमच्याकडं न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये राजेरजवाड्यांची हत्यारं बघायला लोक तिकीट काढून जातात, तर जिथनं तेजस्विनी आणि स्वप्नील निघाले त्या जिल्ह्यात सामान्य माणसाच्या चार टार्गेट रायफली आणि शेजारी हे कसं चालतं याचा एक तक्ता, एवढं एक कपाट व्हायला काय हरकत आहे.

दुसरं अजून सोपं. पोलीस ठाण्यातल्या त्या खोलीत एक लाकडी स्टँड, महिन्यातनं एकदा तेलाचा बोळा, आणि भिंतीवर एक कागद की पॉइंट २२ चा रिकामा चाप ओढू नका. याला बजेट लागत नाही. तेल मी देतो, वर्षाचं, लेखी. पाहिजे तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येऊन दादांच्या समोर बसून पुसूनपण जाईन, बाकीच्यांचीसुद्धा, नुसती माझीच नाही.

आणि संपादक साहेब, पुढच्या वेळी फोटोखाली ‘रायफल’ लिहा तेवढं.

आपला नियमित वाचक,
एक जुना एनसीसीवाला, कोल्हापूर