फलकाची पाठ आधी पाहा

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ड्रेस्डेनच्या जुन्या बाजारात तुला आवडलेल्या चिनी मातीच्या फलकाचे छायाचित्र मिळाले. त्यावर इटालियन चित्रकार राफाएलची सिस्टिन मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, रंगवलेली आहे. मूळ चित्र १७५४ साली तुझ्याच शहरात आले आणि आजही तिथे आहे, तेव्हा खरेदीपूर्वी ते पुन्हा एकदा डोळे भरून पाहून ये.

विक्रेता ‘केपीएम’चे नाव घेतो, म्हणून हे सविस्तर लिहितो. बर्लिनचा हा शाही कारखाना १७६३ साली फ्रेडरिक द ग्रेटने विकत घेतला आणि राजदंड ही त्याची खूण ठरली. एकोणिसाव्या शतकात कारखान्याने कोरे फलकही विकले आणि ते बाहेरच्या चित्रकारांनी आपापल्या कार्यशाळांत रंगवले. त्यामुळे मागचा ठसा पांढऱ्या फलकाची ग्वाही देतो, चित्राची नव्हे. हा ठसा भाजण्यापूर्वीच मातीत दाबलेला असतो, त्यामुळे बोटाला खोलगट लागतो.

चित्राची परीक्षा मात्र भिंगानेच होते. झिलईवर रंग चढवून फलक पुन्हा पुन्हा भट्टीत जातो आणि एखादी भाजणी बिघडली, तर आधीची सारी मेहनत वाया जाते. म्हणूनच चांगल्या हाताचे काम पाहताना मला त्या चित्रकाराविषयी आदर वाटतो. असा फलक भिंगाखाली धरला, की पापणीच्या कडेला एकेक बारीक रेघ सुटी दिसते आणि गालावरची गुलाबी छटा कुंचल्याच्या नाजूक टिपक्यांनी हळूहळू गडद होत जाते. मी मुंबईत एका दुकानदाराच्या शब्दावर विसंबून घेतलेल्या मॅडोनाच्या गालावर घरी आल्यावर सारख्या अंतराचे, एकाच मापाचे ठिपके दिसले. ते छापील चित्र होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा, भक्तिभावाने पाहिलेला तो चेहरा कुणाच्याच हातचा नव्हता, याचे दुःख अधिक झाले.

सोनेरी चौकटीच्या आड कडेचे टवके आणि केसासारखी चीर सहज लपते, म्हणून फलक चौकटीतून काढून दाखवण्याची विनंती कर. नकार मिळाला, तर व्यवहार करू नकोस. पाठीचे छायाचित्र तिरप्या उजेडात घे आणि मेरीच्या डोळ्याचे भिंगातून घेतलेले दुसरे छायाचित्रही पाठव. रविवारी आपण दोघे मिळून ती पाहू. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझे,
बाबा