पोस्टातली ठेव मोडू नका, बाबा

सोलापूर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल दादाचा फोन आला. माझ्या गोधड्यांच्या कामासाठी बाबा पोस्टातली ठेव मोडायला निघालेत म्हणाला. फोनवर बोलायला लागले की माझा गळा भरून येतो, म्हणून लिहिते आहे. बाबा, त्या ठेवीला हात लावू नका. ती तुमच्या दोघांच्या औषधपाण्याची आहे. गोधड्या शिवायचं मशीन मी भाड्याने घेते आहे, आणि पूर्ण विचार करून घेते आहे.

भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्याच गल्लीत काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. कर्ज काढून माग बसवले, चादरीचं गिऱ्हाईक आटलं आणि चांगले चालते माग किलोच्या भावाने भंगारात गेले. हप्ते तेवढे मागे राहिले. तुम्ही जॉबर, त्यातले कितीतरी माग तुमच्या हातांनी लावलेले. त्या दिवसांत तुम्हाला जेवण गोड लागत नव्हतं. गोधडी थंडीत खपेल, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत हात रिकामे राहणार नाहीत. पण उन्हाळ्यात सोलापुरात कोण गोधडी विचारतो? तो एक उन्हाळा भाड्यावर काढून बघू द्या.

नवं मशीन तीस हजारांच्या घरात जातं. भाडं महिन्याला दीड हजार, अनामत पाच हजार. दुरुस्ती मालकाची, सुया-बॉबिन माझ्या. परत करायचं तर महिनाभर आधी सांगायचं. सहा महिन्यांत तेच मशीन विकत घेतलं तर भरलेल्या भाड्यातलं निम्मं किमतीतून वजा, हेही कागदावर लिहून घेतलंय. मशीनवर आधीपासून असलेले ओरखडे आणि टेबलाचा उडालेला कोपरा यांचे फोटो काढून कराराला जोडणार आहे, म्हणजे अनामत परत घेताना वाद नको.

माझं घरचं मशीन का चालत नाही, असं आईने विचारलं होतं. वर सुती कापड, मध्ये फायबर, खाली अस्तर असे तीन थर असतात. साध्या मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागे रेंगाळतं आणि कडेला पोचेपर्यंत चुण्या पडतात. भाड्याच्या मशीनला वॉकिंग फूट, म्हणजे कापडाबरोबर पुढे सरकणारा दाबपाय आहे. तो वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवतो. टाचण्या मात्र वीतभर अंतरावर लावाव्याच लागतात. आणि आई, तू कडेपासून आत शिवत येतेस ना, मशीनवर मधून सुरू करून कडेकडे जावं लागतं, नाहीतर मध्ये फुगा धरतो.

मशीनची मोटर मी ‘सर्वो’ प्रकारचीच मागितली. क्लच मोटर पाय उचलला तरी घुं घुं करत फिरत राहते आणि वीज खाते. सर्वो शिवतानाच फिरते, आवाजही कमी, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप मोडणार नाही.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून कटिंग, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे, स्वस्तात मिळतं, सगळे तेच घे म्हणतात. मला ते पटत नाही. ते बहुतेक टेरिकॉट, अंगाला मऊ लागत नाही, घाम टिपत नाही. त्याची बसकरं करीन. पांघरायच्या गोधडीला सुतीच कापड, तेही आधी धुऊन आटवलेलं.

आई, तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तू सुई धरायची नाहीस, हे पुन्हा सांगते. पण मला तुझी पारख हवी आहे. कुठलं जुनं लुगडं अजून दोन-चार वर्षं टिकेल आणि कुठलं विरलंय, हे तू बोटांनी चाचपून सांगतेस, ते मला अजून जमत नाही. लाल लुगडी वेगळी ठेव, ती मिठाच्या पाण्यात घालून रंग जातो का बघायचं आहे. हाताने शिवलेल्या बाळांच्या दुपट्यांना मी वेगळा, जास्तीचा भाव ठेवणार आहे. शेजारच्या दोघी बायका ते काम घ्यायला तयार आहेत. कोपरा कसा बंद करायचा, ते त्यांना तू दाखव.

बाबा, करारावर सही पुढच्या सोमवारी आहे. रविवारी सकाळच्या एसटीने दोघंही या. मशीन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, जाऊन एकदा चालवून बघू. तुम्ही कान लावून ऐकलंत की आत काही झिजलंय का ते तुम्हाला कळेल. तुम्ही नको म्हणालात तर तिथे दुसरी दोन मशीनं आहेत.

बीपीच्या गोळ्या बरोबर ठेवा.

तुमची लेक