पेजेचं पाणी आभाळ बघून कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कर्जतजवळच्या पेज नदीवर, डुंबायला जाण्याच्या एका निवांत जागेवर लेख आला आहे. फोटो छान आहेत, जागेचा नकाशाही दिला आहे. मे महिन्यात पाऊस नसल्याने लहान मुलांनाही पाण्यात सोडायला हरकत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. हे पत्र त्या एका वाक्यासाठी.

माझी सासुरवाडी त्याच काठावरची. 1988 पासून दर मे महिन्यात चार दिवस तरी तिथं जाणं होतं. नोकरी बेस्टच्या वीज खात्यात झाली, त्यामुळे या नदीकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

घाटाखालच्या लहान नद्या शिमग्यापर्यंत आटतात. गोटे उरतात आणि मधूनमधून हिरवट डबकी. पेज मात्र भर वैशाखात वाहते, आणि पाणी असं गार की पहिल्या बुडीला श्वास अडकतो. कारण ते पाणी तिचं नाहीच. वर मावळात आंध्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी डोंगरावरून मोठ्या नळांनी खाली भिवपुरीच्या वीजगृहात येतं, जनित्रं फिरवतं आणि पेजेत सुटतं. 1922 पासून हे चालू आहे. आंध्रा मिळते इंद्रायणीला. म्हणजे देहू-आळंदीवरून भीमेला मिळून पंढरपूरला जायचं पाणी घाट उतरून इकडे येतं आणि उल्हास नदीतून अरबी समुद्राला जातं. माझे सासरे माळकरी. ते म्हणायचे, ‘वारी चुकलेली नदी आहे ही.’ पाण्यात पाय घालण्याआधी हात जोडायचे ते तेवढ्यासाठीच.

तर उन्हाळ्यात ही नदी पावसानं चढत नाही, विजेच्या मागणीनं चढते. इकडे मुंबईत दुपारी एसी सुरू होतात, जनित्रं जोरात चालतात आणि थोड्या वेळानं तिकडे पाणी वाढतं. आभाळ निरभ्रच असतं. आपले लेखक बहुधा सुट्टीच्या दिवशी गेले असावेत. कचेऱ्या बंद, मागणी कमी, नदी गुडघाभर!

मागच्या वर्षी नातवाला घेऊन गेलो, तो मंगळवार होता. पोरगं अकरा वर्षांचं, शिवाजी पार्कच्या तलावात पोहायला शिकलेलं. पहिला प्रश्न, ‘आजोबा, इथं किती फूट आहे?’ तलावात भिंतीवर लिहिलेलं असतं ना. मी म्हटलं, त्या मधल्या काळ्या दगडाला विचार. त्याला ती थट्टा वाटली. तासभर डुंबलो असू, तेवढ्यात पलीकडे कपडे धूत बसलेली एक कातकरी आजी ओरडली, ‘बाबा, पोराला वर घे, पानी सुटलंय!’ सारी नोकरी वीज खात्यात काढलेल्या मला काहीच दिसलं नव्हतं. तिला आवाजावरून कळलं होतं. मग काठाकाठानं सुकी पानं, काटक्या तरंगत आल्या, आणि आम्ही अंग पुसेपर्यंत काळ्या दगडाचा नुसता माथा उरला. खडकावर ठेवलेली माझी एक चप्पल गेली. बदलापूरपर्यंत पोहोचली असेल.

(काठावर फुटलेल्या बाटल्यांबद्दल वेगळं पत्र लिहीन. त्याला जागा जास्त लागेल.)

पुढच्या पुरवणीत एवढं छापावं: पाण्यात पानं-काटक्या येऊ लागल्या, खळखळ वाढली, की सामान सोडून आधी मुलं वर घ्या. मधल्या खडकावर जाऊन बसू नका, परतीची वाट आधी बुडते. नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर हेच मराठीत लिहिलेली एक पाटी लागली तर फार बरं. रंगवायचा खर्च मी देतो.

आणि कृपा करून नकाशा पुन्हा देऊ नये. नकाशा हातात असला की माणूस गाडी थेट काठाला लावतो. नसला तर गावात थांबून वाट विचारतो, आणि वाट दाखवणारा त्याला काळा दगडही दाखवतो.

– बेस्टचा एक निवृत्त कर्मचारी, नायगाव, दादर