‘बापावर गेलाय’ हे अर्धेच उत्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील भावनांच्या आनुवंशिकतेवरचा लेख वाचला. स्वतःच्या भावना ओळखता न येणे आणि शब्दांत सांगता न येणे, याला मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ हे नाव दिले. हा स्वभावविशेष ‘एक तृतीयांश आनुवंशिक’ असल्याचे लेखात म्हटले आहे. आकडा बरोबर आहे. अर्थ लावताना मात्र घोटाळा झाला आहे.

२००७ साली डेन्मार्कमधील ८,७८५ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मीच. तेव्हा पहिल्यांमधले साम्य दुसऱ्यांहून किती अधिक भरते, यावरून आनुवंशिकतेचा अंदाज बांधतात. तो ३० ते ३३ टक्के निघाला. पण हे प्रमाण त्या समाजातील माणसामाणसांमधल्या फरकाचे आहे. अमक्याच्या अबोलपणाचा तिसरा हिस्सा वडिलांकडून आला, असा हिशेब त्यातून मांडता येत नाही. उरलेल्यात घरच्या सामाईक वातावरणाचा वाटा थोडा आणि प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवांचा एकूण फरकाच्या निम्मा किंवा त्याहून अधिक होता (मोजमापातील चुकाही त्यातच धरतात). म्हणजे ‘आईनेच बोलते केले नाही’ हा ठपकाही फारसा टिकत नाही.

आमचे वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ तेराव्यापर्यंत मांडव आणि आचाऱ्याचा हिशेब पाहत होता. ‘कसं वाटतंय?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘छातीत जळजळतंय, पित्त झालं असेल’, आणि त्याने कोकम सरबत मागितले. ‘अगदी बापावर गेलाय’, असे म्हणून आत्याने विषय संपवला. त्याला अ‍ॅलेक्सिथायमिया आहे, असे मी म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही आणि लेखासोबतच्या ‘स्वतःला तपासा’ या चौकटीचाही नाही.

त्या चौकटीत शारीरिक संवेदना आणि भावना यांची गल्लत होते का, असा प्रश्न आहे. ज्या भाषेत भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने जीव टांगणीला लागतो आणि दुःखाने काळीज तुटते, तिथे या प्रश्नाला चांगला बोलका माणूसही ‘हो’ म्हणेल. तेव्हा अशी चौकट पुन्हा छापताना ती प्रश्नावली मराठी भाषकांवर पडताळलेली आहे की नुसते भाषांतर आहे, एवढे तरी तिच्याखाली नमूद करावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा