मंत्रिमहोदय, आम्हाला रोजची वीस मिनिटं द्या

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग घेते. वर्षातून एक दिवस 'निसर्ग दिवस' साजरा करा, असं पत्रक हाती आलं. त्यामागचा हेतू चांगला आहे. पण निसर्ग एका दिवसात दिसत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मागे आम्ही काचेच्या भांड्यात ओला टिपकागद लावून घेवड्याच्या बिया ठेवल्या. एका मुलीची बी उलटी बसली होती. दोन-तीन दिवसांनी तिचं मूळ वरच्या अंगाला फुटलं आणि वळून खाली निघालं. "बाई, याला कसं कळलं?" वर्गाने भांडं आडवं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मूळ पुन्हा खाली वळलेलं! मुळाच्या टोकाशी पिठूळ पदार्थाचे जड कण असतात, ते खाली बसतात आणि त्यावरून मुळाला दिशा कळते, हे मी त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं असतं, इतकंच. या एका प्रश्नाला आठवडा लागला, पण रोज लागली ती पाचच मिनिटं.

सुरवंटाचंही तसंच. लिंबाच्या रोपावरचा सुरवंट आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मग एके दिवशी कात टाकून हिरवागार होतो. सलग पाहणाऱ्यालाच हा बदल सापडतो. १६६० मध्ये फ्रँकफुर्टमध्ये तेरा वर्षांच्या मारिया सिबिला मेरियानने रेशमाचे किडे पाळून त्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. किडे चिखलातून आपोआप जन्मतात असं तेव्हा अनेक जाणती माणसंही मानत. पुढे कीटकांच्या अभ्यासात तिचं मोठं नाव झालं, पण सुरुवातीला तिच्याकडे होती ती रोज पाहण्याची सवय. ती माझ्या वर्गातल्या मुलांकडेही आहे. घंटा वाजते आणि आम्ही ती मोडतो.

बाहेर घालवलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, असं पालकांना वाटतं. त्यांना मी डोळ्यांचं उदाहरण देते. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १२ प्राथमिक शाळा निवडून त्यांतल्या सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना नव्याने मायनसचा नंबर लागला होता, बाकीच्या सहा शाळांत सुमारे ४० टक्के. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निसर्ग शिकवण्यासाठी मला या आकड्यांचा आधार घ्यावा लागतो याचं वाईट वाटतं, पण वेळापत्रक ठरवताना ते आपल्या उपयोगी पडतील.

माझी मागणी लहान आहे. वेळापत्रकात रोजची वीस मिनिटं बाहेरची म्हणून लिहून द्या. त्या वेळेचा अहवाल, फोटो, गुण काही मागू नका. फोटो काढायचा म्हटलं की मुलं मुंग्यांकडे पाहायचं सोडून कॅमेऱ्याकडे पाहतात. आणि अंगणावर फरशी घालण्याचे प्रस्ताव येतील, तेव्हा प्रत्येक शाळेत एक तुकडा मातीचाच राहील एवढं बघा. गांडूळ फरशीखाली दाखवता येत नाही. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, परत येताना साबणाने हात धुवायचे, हे आमची मुलं एकमेकांना बजावतात. कपडे मळतात, तेवढं पालकांशी मी बोलेन.

सध्या आमच्या वर्गात एक कोष आहे. आज तो गडद झाला आणि कवचातून पंखांची नक्षी दिसू लागली. एक-दोन दिवसांत, बहुधा सकाळीच, फुलपाखरू बाहेर येईल. तेव्हा तास गणिताचा असला तरी मी पुस्तकं मिटायला सांगणार आहे. आपल्याला जमलं तर या. मुलं सरकून जागा करतील.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका