'मीट' म्हणजे मांसच का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात याच पानावर एका वाचकाने लिहिले होते की इंग्रजी शब्दांना काही धरबंधच नाही. 'स्वीटमीट'मध्ये 'मीट' कुठे असते ते कुणी दाखवावे. मी 31 वर्षे इंग्रजी शिकवले, म्हणून हे पत्र.

हाच प्रश्न मला सातवीतल्या एका मुलीने भर वर्गात विचारला होता. "बाई, स्वीटमीट म्हणजे मिठाई, मग त्यात मटण कुठून आलं?" वर्ग हसला. मी "पाठ करून टाक" म्हणाले आणि धडा पुढे नेला. मला उत्तर ठाऊक नव्हते. त्यानंतर तिने वर्गात पुन्हा हात वर केल्याचे मला आठवत नाही, आणि याचे वाईट अजून वाटते.

उत्तर असे आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'मेटे' असा होता आणि त्याचा अर्थ अन्न, खाण्याजोगे काहीही. मांसाला 'फ्लेश' म्हणत. साधारण 1300च्या सुमारास 'मीट'चा अर्थ मांसाकडे आकसू लागला, पण जुना अर्थ पुढे कित्येक शतके टिकून होता. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, 'मीट ऑफरिंग' हे देवाला वाहायचे अर्पण सांगितले आहे. त्यात काय वाहायचे? सपीठ, तेल आणि धूप! मांसाचा कणही नाही. 1885च्या सुधारित आवृत्तीत तिथे 'मील ऑफरिंग' आले; इथे 'मील' म्हणजे जेवण नव्हे, पीठ. स्वीडिशमध्ये तर आजही 'मात' म्हणजे अन्नच. सोबती या अर्थाचा 'मेट' हाही याच कुळातला. मुळात तो सोबत जेवणारा.

फ्रेंचमध्येही हेच घडले. 'व्हियांद' म्हणजे पूर्वी जगण्यापुरते अन्न, आता फक्त मांस.

आणि आपल्याकडे? 'मृग' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हरीण येते. मग माकडाला 'शाखामृग' का म्हणतात? फांदीवर हरीण कुठून आले? संस्कृतात मृग म्हणजे कोणताही वन्य पशू, म्हणूनच सिंह हा मृगेंद्र. सुटा शब्द आकसला, पण जोडशब्दाने जुना अर्थ पोटात जपला. 'स्वीटमीट'चे अगदी असेच आहे. नवल म्हणजे इंग्रजीतला 'डिअर'ही एके काळी कोणत्याही जनावराचे नाव होता आणि तोही येऊन थांबला हरणावरच.

त्या मुलीला तेव्हा शाखामृगाचे उदाहरण दिले असते, तर दोन मिनिटांत समजले असते. पाठ्यपुस्तकातल्या शब्दार्थांच्या यादीत अशा शब्दांपुढे एक ओळ जास्त छापायला काय हरकत आहे? तोवर आपल्या बालपुरवणीत आठवड्याला एक शब्द द्यावा, ही विनंती. माझ्याकडे अशा 40 शब्दांची टिपणे तयार आहेत. ती मी आनंदाने, विनामोबदला पाठवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका